वर्ग, मंडळी आणि दरबार : 'अरुणोदय' व 'स्मृतिचित्रे' यांतील मिशनच्या शिक्षणसंस्था आणि धार्मिक जीवन

सारांश

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनच्या शाळा-महाविद्यालयांचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे : धर्मांतर आणि समाजप्रबोधन. या संस्थांत शिकणाऱ्या तरुणांचे धार्मिक जीवन प्रत्यक्षात कसे घडत होते आणि त्यात वर्गाबाहेरच्या मंडळांचा वाटा कोणता होता, हा प्रश्न मात्र मागे पडला. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' या दोन आत्मचरित्रांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा केली आहे. मिशनचा वर्ग, परमहंस सभा व 'देवाचा दरबार' या तीन रचनांची तुलना करून, विद्यार्थ्याला अनिर्णित राहण्याचा अधिकार कोणत्या रचनेने किती दिला, हे येथे तपासले आहे. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांच्या संदर्भात या तुलनेचे काय मोल आहे, याचाही शेवटी विचार केला आहे.

१. प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास लिहिला गेला आहे. अ. का. प्रियोळकर यांनी परमहंस सभेवर आणि दादोबा पांडुरंग यांच्या आत्मचरित्रावर केलेले संपादन-संशोधन आणि गंगाधर मोर्जे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा घेतलेला शोध, यांमुळे या क्षेत्राची पायाभरणी झाली. तथापि आपल्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत ही पुस्तके शिकवताना एक ठरावीक चौकट आड येते. 'अरुणोदय' हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून नोंदवायचे व पुढे जायचे. 'स्मृतिचित्रे' ही तिच्या प्रसन्न, घरगुती भाषेसाठी वाखाणायची. पहिल्याचा धर्मविचार प्रचारकी म्हणून बाजूला ठेवला जातो. दुसऱ्याचा धर्मविचार विनोदाच्या आड दिसेनासा होतो. परिणामी ही दोन्ही पुस्तके ज्या प्रश्नाभोवती उभी आहेत, तो प्रश्नच वर्गात विचारला जात नाही. शिक्षणसंस्थेने शिकणाऱ्याच्या श्रद्धेशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ मिशनपुरता नाही. मात्र त्याचे स्वरूप मिशनच्या संस्थांत सर्वाधिक उघड होते, कारण आपला हेतू त्या संस्था लपवीत नव्हत्या. म्हणूनच अभ्यासाला तेथून आरंभ करणे सोयीचे ठरते.

२. मिशनचा वर्ग : उघड हेतू आणि न्यायालयाची पायरी

जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचेच विल्सन महाविद्यालय झाले. तिच्याही आधी, १८२९ मध्ये, मार्गारेट विल्सन यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली होती. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेल्यामुळे त्यांना नव्याने बस्तान बसवावे लागले आणि फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या संस्थेचा आकार आजच्या मानाने लहान होता. शिक्षक थोडे होते. रॉबर्ट नेस्बिट, जे. मरे मिचेल यांसारखे अध्यापक विद्यार्थ्यांना नावाने ओळखत. इंग्रजी, गणित, इतिहास या विषयांच्या बरोबरीने बायबलचे अध्यापन हा तेथील दिनक्रमाचा अविभाज्य भाग होता.

लहान संस्थेतील हा निकटपणा विचारात घेण्याजोगा आहे. मोठ्या सरकारी संस्थेत अध्यापक व्याख्यान देऊन निघून जाई. मिशनच्या संस्थेत अध्यापकाचे घर, त्याची संध्याकाळ आणि त्याचे ग्रंथालय विद्यार्थ्याला खुले असे. ज्ञानाबरोबर माणूसही मिळत होता. पण त्या मैत्रीला एक दिशा होती व ती दिशा आधीच ठरलेली होती.

या दिशेचे परिणाम लवकरच समाजापुढे आले. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला; प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मात्र घरी परतलेल्या श्रीपतला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

श्रीपत शेषाद्री प्रकरणाकडे सामान्यतः सुधारणेच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून पाहिले जाते. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास त्यातून वेगळीच गोष्ट निघते. एका बाजूला त्याला आपल्याकडे घेऊ पाहणारी संस्था, दुसऱ्या बाजूला त्याला परत मागणारे कुटुंब, तिसऱ्या बाजूला त्याला आत घ्यावे की नाही याचा खल करणारी जात आणि या सर्वांच्या वर न्यायालय. या चौघांनीही त्या मुलाबद्दल निर्णय केला. त्याला स्वतःला विचार करण्यासाठी वेळ हवा होता काय, हा प्रश्न कोणाच्याही मांडणीत आलेला दिसत नाही.

३. 'अरुणोदय' : शीर्षकाची चौकट आणि तिच्याबाहेरचे तपशील

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे मूळचे बेळगावचे. तेथील मिशनच्या शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत ते फ्री चर्चच्या संस्थेत शिकले. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातले, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे तीन दशकांनी लिहिलेले आहे. मरे मिचेल यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर १८९० मध्ये निघाले.

शीर्षकच या आत्मचरित्राची रचना ठरवते. अरुणोदय म्हटला की त्याआधी रात्र आली. लेखकाचे बालपण, घरातील व्रतवैकल्ये, पोथ्यांचे वाचन, देवपूजा हे सारे त्या रात्रीचे प्रहर ठरतात. शाळा व मित्रमंडळी या उजाडण्याच्या खुणा ठरतात. जे घडले ते घडणारच होते, असा आभास अशा रचनेतून निर्माण होतो. धर्मांतराच्या आत्मकथनांचा हा सर्वसाधारण साचा आहे आणि या ग्रंथाला प्रचारकी ठरवणारे टीकाकार त्यावरच बोट ठेवतात.

त्यांचा आक्षेप अर्धाच खरा आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. पदमनजी ज्या रात्रीचे वर्णन करतात, ती वर्णनात अंधारी राहत नाही. घरातील धार्मिक आचारांचे तपशील त्यांनी इतक्या बारकाईने व इतक्या ओळखीने दिले आहेत की ते नाकारलेल्या जीवनाचे चित्र वाटत नाही. ज्या मनाला लहानपणी भक्तीची खरी ओढ होती तेच मन हे लिहू शकते. चौकट म्हणते, 'हे सारे व्यर्थ होते'. तपशील मात्र त्या सश्रद्ध मुलाची बाजू राखून असतात. या ताणामुळे 'अरुणोदय' प्रचारपुस्तिकेच्या पलीकडे जाते. धर्मांतर ही तुटण्याची क्रिया म्हणून सांगितली जात असताना, जुन्या भक्तीनेच नव्या भक्तीची भूक निर्माण केली हे सातत्य मजकुरातून आपोआप प्रकट होते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे निर्णयाची जागा. रूढ समज असा की मिशनच्या वर्गात मुले धर्मांतरित होत. 'अरुणोदय' वाचताना दिसते ते असे की वर्गाने प्रश्न दिले; पण त्या प्रश्नांचा निकाल लावण्याचा प्रयत्न वर्गाबाहेर, समवयस्कांच्या सहवासात झाला. वाचन, चर्चा, मित्रांशी वाद आणि सभांना जाणे यांतून हा तरुण घडत गेला. अर्थात विद्यार्थ्याच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास करावयाचा तर प्रार्थनामंदिराइतकेच लक्ष मंडळांकडे द्यावे लागते.

४. परमहंस सभा : गुप्ततेचे मोल

त्या काळच्या मुंबईत अशा मंडळांची वाण नव्हती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या परिसरात स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेतून ज्ञानप्रसारक सभेचे काम सुरू झाले आणि १८४९ मध्ये तिने मुलींच्या शाळा काढल्या. धर्मविषयक वाद टाळून ज्ञानाचा प्रसार करावा, अशी त्या मंडळाची भूमिका होती. ज्यांना धर्म व जात हेच मुख्य प्रश्न वाटत होते, अशा तरुणांना ती पुरेशी वाटणे शक्य नव्हते. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा या तरुणांची होती. रामचंद्र बाळकृष्ण हे तिचे अध्यक्ष. ईश्वर एक आहे, जातिभेद मानू नये, मूर्तिपूजा करू नये, ही तिची तत्त्वे. जातीचे बंधन झुगारल्याची खूण म्हणून निषिद्ध मानलेल्या हातचे अन्न सभासद एकत्र बसून घेत. हे सर्व गुप्तपणे चाले.

पदमनजी एकाच काळात मिशनच्या संस्थेशी आणि या सभेशी संबंधित होते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. एकाच तरुणाला दोन ठिकाणी दोन प्रकारची मोकळीक मिळत होती. मिशनच्या वर्गात त्याला प्रश्न उघडपणे विचारता येत, पण उत्तर ठरलेले होते. सभेत उत्तर ठरलेले नव्हते, पण प्रश्न बंद दाराआडच विचारता येत. पदमनजींनी अखेर पहिला मार्ग निवडला. सभेची तत्त्वे त्यांना अपुरी वाटली यात शंका नाही. पण त्याहून अधिक बोचली असावी ती आतले जीवन व बाहेरचे जीवन यांतील फारकत. रात्री एका पंक्तीत पाव खायचा आणि सकाळी घरी सोवळे पाळायचे, ही विभागणी श्रद्धाळू स्वभावाला फार काळ मानवत नाही.

सभेचा शेवटही गुप्ततेनेच झाला. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर गेल्याची वार्ता पसरली आणि मंडळी विस्कटली. समाजाच्या रोषाला तोंड देण्याची तयारी गुप्त सभेने आपल्या सभासदांत कधी निर्माणच केली नव्हती. हा धडा पुढच्या पिढीने घेतला. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये स्थापन झालेला प्रार्थना समाज उघड होता. मात्र येथे परमहंस सभेला सरसकट भित्रेपणाचा दोष देणे अन्यायाचे होईल. जात ही त्या काळी वाळीत टाकण्याची, वारसा नाकारण्याची, लग्न मोडण्याची सत्ता बाळगून होती. ज्याच्यामागे मिशनसारखी संस्था नाही, अशा तरुणाला गुप्ततेवाचून दुसरा निवारा कोणता होता?

याच संदर्भात जोतीराव फुले यांचे उदाहरण उपयोगी पडते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. तेथील शिकवणुकीने त्यांच्या विचारांना चालना दिली. १८४८ मध्ये त्यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, तो उघड होता. एकाच प्रकारच्या वर्गातून पदमनजी एका वाटेने गेले, फुले दुसऱ्या वाटेने. मिशनच्या शाळेत गेलेला प्रत्येक मुलगा जाळ्यात सापडला, ही समजूत जितकी भाबडी, तितकीच मिशनची शाळा धर्मनिरपेक्ष ज्ञानाचा झरा होती ही समजूतही भाबडी ठरते. वर्ग बीज पेरतो; ते कोणत्या जमिनीत पडते आणि भोवती कोणती मंडळी उभी राहते, यावर पीक ठरते.

५. 'स्मृतिचित्रे' : वादाऐवजी व्यवहार

'अरुणोदय'नंतर 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) वाचावयास घेतली की धर्मविचाराची जागाच बदललेली दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती बायबल आले ते कोणत्याही महाविद्यालयात नव्हे, तर रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. ही पाच वर्षे या आत्मचरित्राचा गाभा आहेत.

लक्ष्मीबाई वाद घालून ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांच्या मनातून आधी जातिभेद सुटला. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, कोणाच्या चुलीवरचे अन्न खावे हे प्रश्न आधी सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर आला. पदमनजींच्या कथनात ग्रंथ, तर्क व प्रमाण यांना जे स्थान आहे, ते येथे पाणी, चूल, शेजार आणि मूल यांना आहे. म्हणून 'स्मृतिचित्रे'तील विनोदाला शैलीचा अलंकार समजणे अपुरे आहे. दोन धर्मांच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या बाईला, कोणालाही न दुखवता स्वतःचा वेळ मिळवण्याचे ते साधन होते. ज्या गोष्टीवर हसता येते तिचा निकाल आजच लावण्याची गरज उरत नाही.

लक्ष्मीबाईंना अनिर्णित राहण्याची ही पाच वर्षे कोणत्याही संस्थेने दिली नव्हती. दुःख, विरह व नातलगांचा आधार यांतून ती त्यांनी मिळवली. परंतु टिळकांनी पुढे जी संस्था कल्पिली, तिच्यात या अनुभवाचा अंश असावा असे मानण्यास जागा आहे. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मराठी संतपरंपरेशी नाते सांगणारी ही मंडळी चर्चच्या भिंतीबाहेर उभी होती.

परमहंस सभा व दरबार यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. सभेचे दार बंद, पण आत शिरल्यावर श्रद्धेबाबत मोकळीक. दरबाराचे दार उघडे, पण मध्यभागी ख्रिस्त निश्चित. दरबाराने सीमारेषा पुसट केली, केंद्र पुसट केले नाही. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि मंडळाची घडी नीट बसण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहणाऱ्या मंडळांची ही नेहमीची मर्यादा आहे. तरीही 'आधी प्रवेश, मग सवडीने निर्णय' हा क्रम मराठी ख्रिस्ती जीवनात त्यांनी आणून दाखवला, हे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

६. स्वातंत्र्योत्तर वळण : संमतीचा प्रश्न

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने धार्मिक तटस्थतेच्या तत्त्वावर खाजगी संस्थांना अनुदान देण्याची पद्धत आणली. अनुदान स्वीकारणाऱ्या मिशन-संस्थांच्या मुख्य हेतूबद्दलचा प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडसे आयोगाच्या अहवालाने, ख्रिस्ती महाविद्यालयांनी संशोधन व विस्तारकार्य यांच्याद्वारे भोवतालच्या समाजाशी नाते जोडावे, असा आग्रह धरला. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील महाविद्यालय आणि त्या संस्थेतून पुढे उभे राहिलेले ग्रामीण विकास अभ्यासाचे केंद्र, ही या दिशेची महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत. धर्मसाक्षीची जागा हळूहळू सेवेने घेतली. बायबलच्या तासाचे जे स्थान होते, तेथे खेड्यातील शिबिर आले.

राज्यघटनेने हा प्रश्न संमतीच्या भाषेत मांडला. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार देतो. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी जो प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर सुटला, त्याचे उत्तर आता संविधानात आहे.

परंतु संमती म्हणजे काय? ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत अशा अध्यापकासमोर, ज्याच्या हाती वसतिगृहातील जागा आहे अशा अधीक्षकासमोर, सर्वजण हात जोडून उभे असताना एकट्याने हात न जोडण्याचे धैर्य किती विद्यार्थ्यांत असते? 'अरुणोदय'चे वाचन येथे कायद्याला पूरक ठरते. बळजबरी नसतानाही सहवासाचा, कृतज्ञतेचा व आदराचा दाब किती असू शकतो, हे ते दाखवते. हा दाब दुष्ट असतोच असे नाही. तो बहुधा प्रेमाचाच असतो, आणि म्हणूनच त्याला नकार देणे कठीण असते.

७. शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यातील महाविद्यालयांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बहुसंख्य महाविद्यालयीन विद्यार्थी स्थानिक शिक्षणसंस्थांत शिकतात. कुणबी, आगरी, बौद्ध, मुस्लिम, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी अशा विविध समाजांतून ते येतात. त्यांपैकी अनेकजण घरातील पहिलेच पदवीधर होणार असतात. काहींच्या घरी वारकरी परंपरा आहे, काहींच्या घरी धम्म आहे, काहींच्या पाड्यावर वाघदेवाचे ठाणे आहे. पौष महिन्यातील म्हशाची यात्रा मुरबाड तालुक्याचे वर्ष जसे विभागते, तसे विद्यापीठाचे सत्रही विभागत नाही. या विद्यार्थ्यांचे धार्मिक जीवन लक्ष्मीबाईंच्या जातीचे आहे : तर्कात नव्हे, तर पाण्यात, चुलीत, जत्रेत व नवसात वसलेले.

आपली मंडळे मात्र पदमनजींच्या जातीची आहेत. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, विवेक व्यासपीठ या सर्व ठिकाणी धर्म हा निबंधाचा किंवा वक्तृत्वाचा विषय म्हणून येतो. तेथे आदिवासी विद्यार्थ्याला एक तर आपल्या पाड्यावरील देव ही अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावी लागते, नाही तर ती 'लोकसंस्कृती' म्हणून स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर नाचून दाखवावी लागते. ती माझ्या घरची श्रद्धा आहे, असे सरळ वाक्य उच्चारण्यास त्याला जागा नसते. दुसरीकडे सरस्वतीपूजन, कार्यालयातील सत्यनारायण, वसतिगृहातील गणपती यांना आपण धर्म म्हणत नाही, संस्कृती म्हणतो. जे संस्कृती ठरले, त्याच्या बाबतीत संमती विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे एक विचारणा रास्तपणे होईल. मिशनच्या उघड धर्मप्रचाराची आणि आपल्याकडील सौम्य, सवयीच्या उपचारांची बरोबरी कशी करता येईल? बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मिशनच्या वर्गातून मुलाचे घर तुटू शकत होते. सरस्वतीपूजनाने कोणाचे घर तुटत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. परंतु एका बाबतीत मिशनची संस्था अधिक प्रामाणिक होती. तिचा हेतू पाटीवर लिहिलेला असे. त्यामुळे फुल्यांसारख्या विद्यार्थ्याला तो वाचून नाकारता येत असे. ज्या हेतूला नावच नाही, तो नाकारायचा कसा?

यातून अध्यापनाच्या व मंडळांच्या पातळीवर काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. 'अरुणोदय' व 'स्मृतिचित्रे' यांतील उतारे एकत्र शिकवावेत, म्हणजे धर्माचा निर्णय वादातून व व्यवहारातून अशा दोन्ही मार्गांनी होतो हे विद्यार्थ्यांना दिसेल. वाङ्मय मंडळाने विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरच्या सणांचे, देवांचे, विधींचे वर्णन लिहून घ्यावे. त्याचे समर्थन वा खंडन मागू नये. पदमनजींच्या ग्रंथाचे आजचे मोल त्यांच्या निष्कर्षात जितके आहे, त्याहून अधिक अशा वर्णनात आहे. महाविद्यालयाच्या कोणत्याही उपासनावजा कार्यक्रमात अनुपस्थित राहणाऱ्याची हजेरी घेऊ नये आणि त्याला कारणही विचारू नये. ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल, पण अनुच्छेद २८ चा व्यवहारातील अर्थ तिच्यातच आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मिशनच्या लहान शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांचे धार्मिक जीवन केवळ उपासनेत वा बायबलच्या तासात घडत नव्हते. वर्ग व मंडळी यांच्या मधल्या जागेत ते घडत होते. दुसरा, 'अरुणोदय'ची चौकट धर्मांतराची असली तरी त्यातील तपशील जुन्या श्रद्धेचा आदर राखतात आणि म्हणून त्याचे वाङ्मयीन मूल्य प्रचारापलीकडचे आहे. तिसरा, 'स्मृतिचित्रे' ही अनिर्णित अवस्थेची मराठीतील एक श्रेष्ठ कथा आहे. चौथा, मिशनचा वर्ग, परमहंस सभा व देवाचा दरबार यांपैकी कोणतीही रचना परिपूर्ण नव्हती : पहिलीत मोकळेपणा होता पण निवड ठरलेली होती, दुसरीत निवड होती पण उघडपणा नव्हता, तिसरीत प्रवेश खुला होता पण केंद्र ठरलेले होते.

धर्मनिरपेक्ष महाविद्यालयाकडे या तिन्हींना न साधलेली गोष्ट साधण्याची संधी आहे. दार उघडे ठेवावे, हेतू स्पष्ट सांगावा आणि अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या देवाबद्दल आजच काही ठरवले पाहिजे असा आग्रह धरू नये. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींना पदवीबरोबर हा अवधी देता आला, तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका लहान संस्थेत सुरू झालेल्या वादातून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.